आडनाव बदलावे कोणी?

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात, नागपूर-वर्धा रस्त्यावर केळझर हे गाव आहे. मागील वर्षावासात तेथील विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनानंतर चार शब्द बोलण्याकरिता आम्हाला बोलावले होते. आम्ही विषय घेतला चिनी भिक्खू ह्युएन त्संग यांचा. सातव्या शतकात हा माणूस वाळवंट आणि हिमशिखरे ओलांडून भारतात आला, नालंदेत शिकला, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला आणि परत जाताना ६५७ ग्रंथ सोबत घेऊन गेला. बोलणे संपले. कोणाला काही विचारायचे आहे काय, असे आम्ही म्हणालो. आठवीत शिकणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, ह्युएन त्संगचे आडनाव काय होते?”

विहारात हशा पिकला. मुलगी ओशाळून खाली बसली. पण मागच्या रांगेतील एक म्हातारी आजी हसली नाही. ती म्हणाली, “हासता कायले? पोरीनं खरंच इचारलं. आमच्या टायमाले आडनाव कोनी इचारे नाई, जात इचारे अन् दूरच उभं करे. आता जात इचारत नाई, आडनाव इचारते.”

हसणारे गप्प झाले. आम्हीही गप्प झालो. कारण आजीने एका वाक्यात जे सांगितले ते आम्ही कोर्टात वीस वर्षे पाहत आहोत. शाळेत, नोकरीच्या मुलाखतीत, बढतीच्या फाईलवर, लग्नाच्या जाहिरातीत आणि भाड्याच्या खोलीच्या दारात विचारला जाणारा पहिला प्रश्न हाच. “पूर्ण नाव सांगा” याचा अर्थ या देशात काय होतो, हे सांगण्याकरिता कोणत्याही शब्दकोशाची गरज नाही. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या दिवशी दिले आणि आज या स्तंभात ते सविस्तर मांडत आहोत.

ह्युएन त्संग हे त्यांचे भिक्खू म्हणून धारण केलेले नाव. त्यांच्या घराण्याचे आडनाव होते चेन. वांग, ली, झांग, लिऊ आणि चेन ही आजच्या चीनमधील सर्वांत मोठी पाच आडनावे होत. यांपैकी चेन हे मुळात एका राज्याचे नाव. आजच्या हेनान प्रांतात ते छोटे राज्य होते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात शेजारच्या बलाढ्य राज्याने ते गिळले आणि त्याच्या वंशजांनी गेलेल्या मुलखाचे नाव आडनाव म्हणून जपले, असे तेथील परंपरा सांगते. म्हणजे आपल्याकडे रामटेकहून आलेला रामटेके, तसा तो चेन. वांग या आडनावाचा अर्थ ‘राजा’. आज वांग आडनावाची माणसे दहा कोटींच्या घरात आहेत. त्यांत मंत्री आहेत, प्राध्यापक आहेत, भाजी विकणारे आणि गवंडीकाम करणारेही आहेत. आडनावात राजा आहे म्हणून कोणी त्यांना मुजरा करीत नाही. चीनमध्ये विषमता नव्हती असे आमचे मुळीच म्हणणे नाही. जमीनदार होते, भुकेले कूळही होते. परंतु केवळ आडनाव ऐकून पाण्याचा पेला दूर सरकवण्याची सोय तेथे नव्हती. ती सोय मनूच्या देशाने केली.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. चौथ्या शतकात चीनमध्ये दाओ-आन नावाचे थोर भिक्खू होऊन गेले. त्यांच्या काळापर्यंत चिनी भिक्खू आपल्या गुरूचे आडनाव लावीत आणि ते बहुधा गुरूच्या देशावरून पडलेले असे. भारतीय गुरूचा शिष्य ‘चू’, पार्थियाहून आलेल्या गुरूचा शिष्य ‘आन’, कुषाणांच्या मुलखातील गुरूचा शिष्य ‘ची’. म्हणजे घर सोडले तरी घराण्यासारखे गट पडलेच. दाओ-आन म्हणाले की, सर्व भिक्खूंचा मूळ गुरू एकच, तो शाक्यमुनी; तेव्हा सर्वांचे आडनावही एकच असले पाहिजे. ‘शाक्य’ या शब्दाच्या चिनी रूपातील पहिले अक्षर ‘शि’. तेव्हापासून चिनी भिक्खू ‘शि’ हे आडनाव लावतात. व्हिएतनाममध्ये त्याच अक्षराचा उच्चार ‘थिच’ असा होतो. २०२२ साली निर्वाण पावलेले जगप्रसिद्ध भिक्खू थिच न्हात हान यांच्या नावातील ‘थिच’ म्हणजे शाक्य.

ही कल्पना दाओ-आन यांच्या पदरची नव्हती, ती तथागतांची होती. गंगा, यमुना, अचिरवती या नद्या महासागराला मिळाल्या की आपली जुनी नावे सोडतात, त्याप्रमाणे चारही वर्णांचे लोक संघात आले की नाव आणि गोत्र सोडून शाक्यपुत्र होतात, असा उपदेश पाली तिपिटकात आहे. शाक्य राजपुत्र प्रव्रज्येकरिता आले तेव्हा त्यांच्याआधी उपाली न्हाव्याला दीक्षा दिली गेली. राजपुत्रांनी त्याला वंदन करावे आणि त्यांचा कुळाचा ताठा मोडावा हा त्यामागील हेतू. वाचकांनी येथे थोडे थांबावे. आपले नाव लपवून मागच्या दाराने या, असे उपालीला कोणी सांगितले नाही. नाव उतरवायला लावले ते राजपुत्रांना!

आता आपल्या आडनावांकडे पाहू. आमच्या नागपूर-वर्धा-भंडारा-चंद्रपूर पट्ट्यात मेश्राम हे आडनाव बौद्धांत ठिकठिकाणी आढळते. तेच आडनाव गोंड बांधवांत मेस्राम या रूपाने एका मोठ्या कुळाचे आहे. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते आणि पुष्य अमावास्येच्या पूजेकरिता मेस्राम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात. नागोबा म्हटले की आम्हाला १५ ऑक्टोबर १९५६ चे नागपूरचे भाषण आठवते. दीक्षेकरिता नागपूर का निवडले हे सांगताना बाबासाहेबांनी नागलोकांचा इतिहास मांडला होता. तेव्हा मेश्राम म्हणजे नागवंशीय, असा निकाल देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु आम्ही पुराव्यावर चालणारी माणसे आहोत. केवळ नाद जुळला म्हणून नाते जुळत नाही. बाबासाहेबांच्या वाङ्मयाचे संपादक वसंत मून यांचे आडनाव आमच्या भागातले. कोरियातही मून हे आडनाव आहे आणि ते ‘लिखित विद्या’ अशा अर्थाच्या चिनी अक्षरावरून आलेले आहे. एवढ्यावरून कोरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष मून जे-इन वर्ध्याच्या मून मंडळींचे भाऊबंद ठरत नाहीत!

नावांना मनाजोगता अर्थ चिकटवण्याचे काम पुराणवाल्यांनी पुष्कळ केले आहे. केळझर म्हणजे महाभारतातील एकचक्रानगरी, भीमाने बकासुर मारला ते हेच गाव, असे येथे सांगितले जाते. त्यांनी केले म्हणून आम्हीही तेच करावे काय? आडनाव सिद्ध करते ते फार थोडे. गायकवाड हे आडनाव घ्या. बाबासाहेबांना परदेशी शिक्षणाकरिता शिष्यवृत्ती देणारे बडोद्याचे महाराज सयाजीराव हे गायकवाड, आणि १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे नेतृत्व करणारे कर्मवीर दादासाहेब हेही गायकवाड. एकाला राजवाडा, दुसऱ्याला देवळाचे दार बंद. आडनाव दोघांचे एकच! जाधव, पवार, मोरे, शिंदे यांचीही तीच गत आहे. म्हणजे आडनावावरून जात अचूक कळते हा समज खोटा आहे. तरीही विचारणारा विचारतो, आणि आडनावावरून भागले नाही तर गाव विचारतो, गावावरून भागले नाही तर वडील काय करीत हे विचारतो. त्याला आडनाव नकोच असते, त्याला आपल्यापेक्षा खाली कोण हे हवे असते.

आमच्या कार्यालयात मागे एक तरुण आला. केळझरच्या परिसरातला, इंजिनीअर झालेला, पुण्यात नोकरी लागलेला. म्हणाला, “भाऊ, आडनाव बदलायचे आहे. गॅझेटचा अर्ज करून द्या.” नवे आडनाव कोणते, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “केळझरकर.” पुण्यात त्याने खोल्या पाहिल्या होत्या. फोनवर सर्व ठरायचे, भाडे ठरायचे, अनामत रक्कम ठरायची, आणि करारनाम्याकरिता पूर्ण नाव सांगितले की खोली कालच दुसऱ्याला दिलेली निघायची. असे एकदा झाले तर योगायोग म्हणता येईल, त्याच्या बाबतीत ते चार वेळा झाले होते. जातीचा शब्द कोणीही उच्चारला नव्हता. त्याचे मूळ आडनाव आम्ही येथे देत नाही, कारण ते वाचून चार घरमालक सावध होतील आणि चार हजार वाचक म्हणतील, हे तर आमचेच!

त्याची कागदपत्रे चाळताना एक गोष्ट दिसली. त्याच्या आजोबांची कोतवाल पंजीतील जन्माची नोंद होती. तीत मुलाचे नाव, बापाचे नाव आणि पुढे जात ‘महार’ एवढेच लिहिलेले. आडनावाचा पत्ताच नाही. विदर्भातील कित्येक जुन्या नोंदी अशाच आहेत. गावाला आमच्या आडनावाची गरजच नव्हती, जातीच्या एका शब्दात त्यांचे काम भागत होते. पुष्कळ घरांत आडनाव कागदावर चढले ते कोणी शाळेत गेला तेव्हा, किंवा गाव सोडून नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या गिरणीत कामाला लागला तेव्हा. त्या तरुणाने नाकारायला काढलेले आडनाव म्हणजे त्याच्या घरात शिकलेल्या पहिल्या माणसाची खूण होती.

गावावरून पडलेल्या आडनावाचीही गंमत आहे. केळझरात राहणाऱ्याला कोणी केळझरकर म्हणत नाही. गाव सोडले की माणूस केळझरकर होतो. ‘कर’ हा प्रत्यय बाहेर पडलेल्याचा आहे. असे एक आडनाव आमच्या इतिहासात सर्वश्रुत आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात आंबडवे हे गाव. तेथील सकपाळ घराणे. रामजी सुभेदारांच्या मुलाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये दाखल झाले, ते ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे. गावावरून पडलेले आंबावडेकर हे आडनाव आंबेडकर झाले, ते त्याच आडनावाच्या शिक्षकामुळे, अशी हकीकत चरित्रकारांनी नमूद केली आहे. काही मंडळी ही हकीकत अशा सुरात सांगतात, जणू आडनावाबरोबर मोठेपणही दान मिळाले! १९०० साली आंबेडकर या आडनावाचा अर्थ एका खेड्यापलीकडे काय होता? आज त्याचा जो अर्थ जगाला कळतो तो देणाऱ्याने दिलेला नाही, वागवणाऱ्याने घडवला आहे.

मग त्या तरुणाला आम्ही रागावलो काय? नाही. त्याला रागावण्याचा अधिकार आम्हाला नव्हता, कारण आम्हाला १९१७ साल आठवले. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेले बाबासाहेब नोकरीकरिता बडोद्याला गेले. राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. बॅरोडा संस्थानचा एवढा शिकलेला अधिकारी कामाठी बागेत निराश्रित होऊन बसला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. खोलीकरिता नाव बदलण्याची पाळी ज्या देशाने बाबासाहेबांवर आणली, त्या देशात खेड्यातल्या एका पोराला आम्ही कोणत्या तोंडाने भित्रा म्हणावे?

परंतु त्याच हकीकतीचा दुसरा भागही वाचला पाहिजे. घेतलेले नाव दहा दिवस पुरले. अकराव्या दिवशी पुरले नाही. त्यानंतर बाबासाहेबांनी दुसरे नाव शोधले नाही. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ साली सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांकरिता वसतिगृह सुरू केले. खोली नाकारली म्हणून त्यांनी नाव बदलले नाही, खोल्याच बांधल्या! आमच्या मते या प्रश्नाचे खरे उत्तर हेच आहे.

कायद्याची बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. नाव बदलणे हा प्रौढ नागरिकाचा हक्क आहे. त्याकरिता कारण द्यावे लागते, प्रतिज्ञापत्र लागते आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी लागते. पण राजपत्र जुने कागद पुसत नाही. शाळा सोडल्यानंतर दाखल्यातील नाव सहसा जुनेच राहते. अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्राकरिता १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि नोंदींचा प्रश्न येतो. आजोबांचे एक आडनाव, वडिलांचे दुसरे, मुलाचे तिसरे असे झाले की पडताळणी समितीसमोर वंशावळ जुळवता जुळवता घरातील माणसांच्या नाकी नऊ येतात. जातीचा दावा आडनावावर ठरत नाही, तो जन्मावर आणि जुन्या नोंदींवर ठरतो. म्हणून ज्याला आडनाव बदलायचे असेल त्याने राजपत्राची प्रत, जुना दाखला आणि आजोबांची कोतवाल पंजी जिवापाड जपावी. कागद गेला तर मुलाचा प्रवेश गेला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि खोली नाकारणाऱ्याचे काय? संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, कलम १५ ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते मोकळे केले. खाजगी घराच्या भाड्याचा उल्लेख त्यात नाही. २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, पण “खोली कालच गेली” या वाक्यात जात सिद्ध करणे किती कठीण, हे वकिली करणाऱ्याला विचारा. चोर हुशार झाला आहे, कायदा अजून जुन्याच दाराशी पहारा देत आहे.

म्हणून आमचा प्रश्न असा की, आडनाव बदलायचेच असेल तर ते बदलावे कोणी? १९२९ साली तामिळनाडूत चेंगलपट्टू येथे पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीची परिषद भरली आणि जातवाचक नावे टाकण्याचा ठराव झाला. तेथे मुदलियार, पिल्लई, नायकर म्हणवणाऱ्यांनी नावामागची शेपटे कापली. स्वतः पेरियार यांनीही नायकर टाकले. आज तेथे लोक बहुतांशी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावतात. त्यामुळे तेथील जात मेली नाही, हेही खरे. गावोगावचे अत्याचार आजही वर्तमानपत्रात येतात. तरीपण ठरावाची दिशा बरोबर होती: ज्याला नावाचा फायदा मिळतो त्याने ते आधी टाकावे. आमच्याकडे उलटे चालले आहे. ज्याच्या आडनावामुळे दार उघडते तो ते पाटीवर कोरून दारावर लावतो, आणि ज्याच्या तोंडावर दार बंद होते त्याला समंजस मंडळी सल्ला देतात, “जरा आडनाव बदलून पाहा ना!” महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. पण महारवाड्याचे भीमनगर झाले तरी ते गावाच्या त्याच टोकाला आहे. पाटी बदलली, अंतर बदलले नाही.

तेव्हा समाजबांधवांना आमचे सांगणे एवढेच. भिक्खू ‘शि’ होतात तसे उद्या आपण सर्वांनी मिळून, उघडपणे, धम्माकरिता एकच आडनाव घेतले तर आम्ही पहिली सही करू. कोणी मुलांच्या नावापुढे फक्त आईवडिलांचे नाव लावले तरी आम्ही आनंदाने स्वागत करू. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर आईचे नाव बंधनकारक झाले आहे, तो रस्ता खुला आहे. पण एकट्याने, अंधारात, भीतीने बदललेले आडनाव हे बडोद्याच्या धर्मशाळेसारखे असते. अकरावा दिवस कधी उजाडेल या धास्तीत बाकीचे आयुष्य जाते. कार्यालयात जयंतीची वर्गणी मागायला कोणी आले की हा माणूस खाली मान घालतो. घरी आई आली की शेजाऱ्यांसमोर तिने जयभीम म्हणू नये असे त्याला वाटते. खोली मिळते, पण आई परकी होते.

ज्यांनी पुण्या-मुंबईत, नागपुरात स्वतःची घरे घेतली त्यांना एक प्रश्न विचारतो. आपल्यापैकी कितीजणांचे फ्लॅट रिकामे आहेत किंवा भाड्याने दिलेले आहेत? त्यातील एखादी खोली खेड्यातून नोकरीकरिता आलेल्या आपल्या मुलामुलींकरिता ठेवता येणार नाही काय? प्रत्येक शहरातील विहार समितीने अशा घरांची वही ठेवावी. मुलगा किंवा मुलगी स्थानकावर उतरली की तिच्या हातात त्या वहीतला पत्ता पडावा. यात पैसा फार लागत नाही, भाडेही बुडत नाही. लागते ती आपलेपणाची आठवण. सोलापूरचे वसतिगृह निघाले तेव्हा समाजाजवळ काय होते? आज आपल्याजवळ निश्चितच त्याहून जास्त आहे.

त्या तरुणाला आम्ही हे सर्व सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “भाऊ, पटते. पण मला एक तारखेला खोली पाहिजे.” आम्ही त्याचा अर्ज तयार करून दिला. तो त्याचा हक्क होता. पण त्या अर्जावर त्याची सही झाली तेव्हा हरला तो नव्हता, आपण हरलो होतो. त्याला देण्याकरिता आमच्याजवळ पुण्यातला एकही पत्ता नव्हता.

केळझरच्या त्या मुलीला आम्ही म्हणालो होतो, “बाळ, त्यांचे आडनाव चेन होते, पण त्यांनी ते आपणहून खाली ठेवले.” ती पुन्हा उभी राहिली आणि तिने विचारले, “मग आमचे?” आम्ही उत्तर दिले, “तुझे कोणी हिसकावून घेऊ नये, एवढी व्यवस्था आधी करू. मग ठेवायचे की टाकायचे ते तू ठरव.”

ती व्यवस्था करण्याचे काम आपल्याकडे बाकी आहे.

जयभीम!